हळहळीवर तीस टक्के सूट

गप्प बसण्याचे फायदे फार, असं टक्केंचं ठाम मत होतं, आणि लग्न झाल्यापासून हे मत त्यांनी कुणापुढे बोलूनही दाखवलेलं नव्हतं.

टक्के हे त्यांचं आडनाव नव्हे. गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीत ते दर ठरवणाऱ्या विभागात होते. कुठली गादी कितीला विकायची आणि तिच्यावर सवलत कधी नि किती लावायची, हे तिथे ठरायचं, म्हणजे खरं तर टक्केच ठरवायचे. (वरचे लोक सही करायचे. सही करताना ते कागद वाचतात असा एक समज कंपनीत होता.) वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्यांना टक्क्यांशिवाय वाक्य पुरं करता येईना. 'आज डोकं साठ टक्के दुखतंय', 'चहा दहा टक्के गोड झालाय' असं ते अगदी सहज बोलत. तेव्हापासून ऑफिसात ते टक्केसाहेब आणि घरी भिंतीकडे तोंड करून बसलेले नुसतेच टक्के.

आता खरी गोम पुढे आहे. त्यांच्या बायकोचं सगळं माहेर गाद्यांच्या धंद्यात होतं. धाकटा भाऊ, म्हणजे टक्केंचा मेहुणा, त्याच कंपनीचा वितरक. गाड्या भरून माल उचलायचा आणि दुकानांना वाटायचा. त्याच्याकडून माल घेऊन विकणारं दुकान कुणाचं? तर बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं, म्हणजे टक्केंच्या साडूंचं. कंपनीचा नियम असा की दर ठरवणाऱ्या विभागातल्या माणसानं आपलं काम नातेवाइकांना सांगायचं नाही. टक्केंनी नियम दोन्ही बाजूंनी पाळला. सासरी आपलं काम सांगितलं नाही, आणि कंपनीला आपलं सासर सांगितलं नाही. सासरी विचारलं तर ते म्हणत, "काही नाही हो, कागद इकडचे तिकडे करतो." त्यांच्याकडे एकदा पाहिलं की कुणालाही ते लगेच पटायचं.

तर एका मंगळवारी जेवताना बायको म्हणाली, "अहो, गादी बदलू या. मधे खड्डा पडलाय तिला. पहाटे जाग येते तर आपण दोघं त्यात."

"हं," टक्के म्हणाले.

"धाकटीच्या दुकानातून घेते. तिचाही धंदा होईल. उद्याच जाते."

टक्केंचा घास तोंडाशीच थांबला. पुढच्याच्या पुढच्या शनिवारपासून सगळ्या गाद्यांवर तीस टक्के सवलत लागणार होती. त्याच दुपारी त्यांनीच ती लावली होती. 'जरा थांब' एवढे दोन शब्द पुरले असते. पण 'जरा थांब' म्हटलं की बायको 'का?' म्हणणार, आणि तिच्या 'का'पुढे आजवर टिकलेली एकही गोष्ट त्या घरात नव्हती. शिवाय नियम होता. टक्केंना तत्त्वं आठवायची ती नेमकी अशा वेळी.

"घे की," ते म्हणाले, आणि जेवू लागले.

गादी आली. जाड, टणक, चारी कोपरे ताठ. बायकोनं तिच्यावर हात फिरवला, बहिणीला फोन करून तोंड भरून कौतुक केलं आणि त्या रात्रीपासून गाढ झोपली. टक्केंना मात्र झोप येईना. नवी गादी आपल्याकडे बघतेय असं त्यांना वाटू लागलं.

मग तो शनिवार उजाडला. बायको सामान आणायला बाहेर पडली आणि रिकामी पिशवी घेऊन परतली. साडूंच्या दुकानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबलचक बोर्ड लागला होता: 'तीस टक्के सूट! आता नाही तर कधीच नाही!' (ही ओळ टक्केंनी स्वतः लिहिली होती. त्यांना ती फार आवडली होती, शनिवार सकाळपर्यंत.)

ती येऊन गादीवर बसली. उठली. परत बसली.

"टोचतेय," ती म्हणाली.

"नवी गादी? काय टोचतंय?"

"तीस टक्के."

मग तिनं फोन उचलला. टक्के शेजारच्या खोलीत जाऊन कान टवकारून बसले, आणि त्यांना बायकोचं बोलणं सगळं ऐकू आलं, धाकटीचंही निम्मं.

"सख्ख्या बहिणीच्या गळ्यात पूर्ण भावात गादी मारलीस?"

"ताई, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं गं! काल संध्याकाळी कळलं."

"दुकान कुणाचं आहे?"

"आमचं."

"मग बोर्ड काय शेजाऱ्यांनी लावला?"

"अगं पण ताई..."

"ताई म्हणू नकोस. गिऱ्हाईक म्हण."

फोन आपटला गेला, आणि दोन बहिणींचं बोलणं बंद झालं. हळहळ ही चीज मोठी विचित्र. गादी तीच, झोप तीच, पैसे तर कधीच खर्च झालेले. पण दुसऱ्याला ती कमी किमतीत मिळाली म्हटलं की आपली कंबर धरते. बायकोची धरली. दिवसभर ती काही बोलायची नाही आणि संध्याकाळी भिंतीला उद्देशून म्हणायची, "पैशांचं नाही हो वाटत मला. माणसांचं वाटतं." भिंतीच्या अलीकडे टक्के बसलेले असत. त्यांना दोन्हींचं वाटत असे.

इकडे बहिणीनं अबोला धरला म्हणून धाकटीनं नवऱ्याशी अबोला धरला. साडूंच्या घरात दोन वेळा पानात थंड अन्न पडलं, तसे ते तडक मेहुण्याच्या गोदामात जाऊन भांडले, की तू आम्हाला आधी का सांगितलं नाहीस. मेहुणा म्हणाला, मला तरी कोण सांगतं? आणि तो घामाघूम होऊन टक्केंच्या घरी आला. अशा रीतीनं एका गादीची हळहळ उलट्या दिशेनं प्रवास करत, म्हणजे गिऱ्हाईक, दुकानदार, वितरक असे टप्पे घेत, जिथून सवलत निघाली होती त्या माणसाच्या सोफ्यावर येऊन बसली.

"भावोजी," मेहुण्यानं विचारलं, "तुमच्या कंपनीत हे सवलतींचं ठरवतो कोण?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. टक्के सुचलं ते बोलले.

"कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटर?"

"हो. मोठा आहे. वरच्या मजल्यावर असतो. त्याच्या खोलीला एसी आहे." (टक्केंच्या खोलीतला पंखा दमेकऱ्यासारखा चालायचा. पण थाप मारायचीच तर तिच्यात स्वतःची थोडी सोय पाहायला काय हरकत आहे?)

"मेल्याला बहीण नसेल!" बायको म्हणाली. "भाऊही नसेल. काळीज तर नाहीच नाही. अशा तारखेला कुणी सवलत लावतं का? डोकं ठिकाणावर आहे का त्याचं?"

त्या दिवसापासून रोज जेवताना कॉम्प्युटरचा उद्धार सुरू झाला. टक्के खाली मान घालून प्रत्येक घासाबरोबर एकेक शिवी गिळत. एकदा तर त्यांनी न राहवून "अगं, त्याचंही काही कारण असेल" असं म्हणून पाहिलं, तर बायको म्हणाली, "तुम्ही त्याची बाजू घेऊ नका. तो ओळखतो तरी का तुम्हाला?"

घरात हे चाललं होतं तेवढ्यात बाजारानंही अंथरूण धरलं. बायकोसारख्या फसलेल्या बायका प्रत्येक गल्लीत होत्या आणि त्या सगळ्यांना शेजारणी होत्या. जिला तिला कळलं की घाई केली की पस्तावायची वेळ येते. सवलत संपताच लोकांनी गाद्या घेणंच थांबवलं. साडूंच्या दुकानात माणसं येत, गादीवर आडवी होत, कूस बदलत आणि विचारत, "पुढची सूट कधी?" साडू म्हणत, "माहीत नाही हो." मग ती माणसं म्हणत, "ठीक आहे, थांबतो," आणि काही जण तिथेच थांबत, म्हणजे डुलकी काढून घेत. एक निवृत्त मास्तर तर रोज दुपारी यायला लागले. त्यांच्यासाठी धाकटीनं उशी वेगळी काढून ठेवली होती.

गिऱ्हाईक थांबलं म्हणून साडूंनी माल मागवणं थांबवलं. उद्या सवलत लागली आणि आपल्याकडे महागाचा माल पडून राहिला तर? साडू थांबले म्हणून मेहुणा थांबला, त्याच कारणानं. मेहुणा थांबला म्हणून कंपनीच्या गोदामात गाद्यांच्या थप्प्या छताला टेकल्या. ऑफिसातल्या शिपायाला चहाच्या खोलीत जायचं तर गाद्यांमधून आडवं होऊन सरकावं लागे. (तो कधी कधी अर्ध्या वाटेतच झोपून जाई. चहा मिळत नाही म्हणून ओरडा व्हायचा, तेव्हा कळायचं.)

मोठ्या साहेबांनी टक्केंना बोलावलं. मोठे साहेब बोलायला लागले की टेबलावरच्या फायलीही सावध होत.

"टक्के, ही काय भानगड आहे?"

"साहेब, याला कस्टमर रिग्रेट म्हणतात. म्हणजे गिऱ्हाइकाची हळहळ."

"ती आपल्या गोदामात का साठलीय?"

मग आयुष्यात पहिल्यांदा टक्केंना घर आणि ऑफिस एकाच वेळी वाचवायची कल्पना सुचली. ते म्हणाले, "साहेब, हळहळ परतावा योजना काढू. गादी घेतल्यापासून तीस दिवसांत सवलत लागली, तर फरकाचे पैसे परत. मग कुणी थांबणार नाही. आज घ्या नाही तर उद्या घ्या, नुकसान नाही."

सांगताना त्यांच्या डोळ्यांपुढे गिऱ्हाईक नव्हतं. फरकाचे पैसे हातात घेऊन बहिणीला फोन लावणारी बायको होती.

"मागच्या सवलतीलाही लागू करू या, साहेब," ते हळूच म्हणाले.

"मागचं मागे. पुढच्यापासून. आणि हा फरक भरणार कोण?"

"कंपनी."

"कंपनी कधी काही भरते का, टक्के? एवढी वर्षं काय शिकलात?"

टक्के जे शिकले होते ते त्यांनी केलं. परताव्याचे पैसे कुठून तरी यायला हवेत, म्हणून योजनेआधीच कारखान्याचा दर वीस टक्क्यांनी चढवला. वाढीव दराचं पत्रक मेहुण्याला मिळालं. परताव्याची कटकट आपल्याच बोकांडी बसणार हे ओळखून त्यानं आपल्याकडून आणखी दहा टक्के चढवले. साडूंना नवा भाव कळला. घरात अबोला, दुकानात झोपलेले मास्तर, वर आता रोज पावत्या घेऊन भांडायला येणारी गिऱ्हाइकं. या सगळ्याचा खर्च म्हणून त्यांनी बारा टक्के वर टाकले. कुणी एकमेकांना काही सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं, शहाणपणा आपण एकट्यानंच केला.

मग टक्केंनी घाईघाईनं पुन्हा तीस टक्क्यांची सवलत लावली. घाई एवढ्यासाठी की बायकोच्या गादीला महिना पुरा व्हायला थोडेच दिवस उरले होते. एका गादीचे पैसे घरी यावेत म्हणून सगळ्या मुलखातल्या गाद्यांवर सवलत लावणारा दुसरा नवरा शोधून सापडणार नाही, पण हे पुण्य कुणाला सांगायची सोय नव्हती.

"परतावा मिळतोय म्हणे!" बायको पावती शोधत म्हणाली. "त्या कॉम्प्युटरला अक्कल आली एकदाची. चला, तुम्हीही चला. मला एकटीला तिचं तोंड बघवायचं नाही."

दुकानात दोघी बहिणी समोरासमोर आल्या. धाकटीनं गल्ल्यावरची नसलेली धूळ पुसली.

"काय हवंय आपल्याला?"

"परतावा हवाय आम्हाला."

मास्तरांनी एक डोळा उघडला. साडूंनी पावती घेतली, कॅल्क्युलेटरवर बोटं नाचवली, थांबले, कॅल्क्युलेटर झटकला आणि परत नाचवली.

"ताई," ते चाचरत म्हणाले, "परतावा बसत नाही."

"का नाही बसत? तीस टक्के सूट आहे ना?"

"आहे. पण मूळ भाव वाढलाय. सूट वजा जाऊन आजची किंमत तुमच्या किमतीपेक्षा साडेतीन टक्के जास्त होते."

"म्हणजे?"

"म्हणजे... तुम्ही स्वस्तात घेतलीत."

टक्केंनी डोळे मिटून घेतले. हिशेब त्यांच्या डोक्यात त्याच क्षणी लागला होता. आपले वीस, वर मेहुण्यानं आणि साडूंनी गुपचूप चढवलेले. सगळ्या देशाला तीस टक्के सूट देऊन त्यांनी गादी महाग करून ठेवली होती. आता बायको दुकान डोक्यावर घेणार, असं समजून ते दाराच्या दिशेनं दोन पावलं सरकले.

पण आवाज आला तो हसण्याचा. बायकोचा चेहरा असा फुलला होता, जसा गादी आली त्या दिवशीही फुलला नव्हता.

"म्हणजे हे सगळे आज रांग लावून घेतायत, ते माझ्यापेक्षा महाग घेतायत?"

"हो."

"सूट मिळूनसुद्धा?"

"हो ना."

धाकटीचा चेहरा मात्र उतरला. "अहो, म्हणजे आपणच ताईला कमी भावात दिली की! महिनाभर थांबलो असतो तर..."

आणि थोरलीनं पुढे होऊन बहिणीला जवळ घेतलं. "जाऊ दे गं, वाईट वाटून घेऊ नकोस. धंद्यात चालायचंच." हळहळ बायकोच्या कमरेतून निघून गल्ल्यामागे जाऊन बसली होती. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि मास्तरांनी कूस बदलली.

पुढच्या रविवारी सगळे टक्केंच्या घरी जेवायला जमले. टक्के मनातून नव्वद टक्के सुटले होते. बहिणी बोलत होत्या, गोदाम रिकामं होत होतं, मोठे साहेब चक्क नावानं हाक मारू लागले होते. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"काही म्हणा," साडू म्हणाले, "ज्यानं ही योजना काढली त्याचं डोकं जबरदस्त. भाव वाढवून लोकांना खूश केलं!"

"कॉम्प्युटर आहे तो," मेहुणा म्हणाला. "माणसाचं काम नाही हे."

"मी उगाच शिव्या दिल्या हो त्याला," बायको हळवी होऊन म्हणाली. "माझं माहेर जोडलं त्यानं. असं डोकं असलेला घरात कुणी असता, तर मी त्याला कामाला हात लावू दिला नसता."

शिव्या गिळल्या होत्या, त्या पचल्याही होत्या. पण ही स्तुती दुसऱ्याच्या पानात पडताना पाहणं टक्केंना जमेना. त्यांनी भाजीचा डाव खाली ठेवला.

"तो कॉम्प्युटर मीच."

आधी कुणाला कळलं नाही. मग मेहुण्याला ठसका लागला, साडू हसता हसता खुर्चीवरून घसरले. "भावोजी," मेहुणा डोळे पुसत म्हणाला, "परवा दुकानात उशी मऊ घ्यावी की कडक, हे तुम्हाला ठरवता आलं नाही. शेवटी मास्तरांनी सांगितलं!"

टक्केंना ते फार लागलं. त्यांनी सगळं घडाघडा बोलून दाखवलं. कारखान्याचा दर, वीस टक्क्यांचं पत्रक, परताव्याची कलमं, अगदी बोर्डावरची ओळसुद्धा. "आता नाही तर कधीच नाही! मी लिहिलीय ती!" एकेकाचं हसू थांबत गेलं. साडूंचं थांबलं, मेहुण्याचं थांबलं. बायको तर हसलीच नव्हती.

"ती पहिली सूट कधी ठरवलीत तुम्ही?" तिनं विचारलं.

"मंगळवारी."

"मी गादीचं कधी बोलले?"

"मंगळवारीच," टक्के म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलोय. "पण कंपनीचा नियम आहे गं..."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही.

"माझ्या हातचं जेवता जेवता 'घे की' म्हणालात," ती म्हणाली. "गादीचं सोडा. मी माझ्या बहिणीशी बोलायची थांबले. रोज रडले. आणि तुम्ही शेजारी बसून कॉम्प्युटर कॉम्प्युटर करत होतात."

टक्केंना इतकी लाज वाटली की किती टक्के ते सांगता येईना.

तिनं ताट बाजूला सारलं. मग बहिणीला म्हणाली, "यांचं स्थळ आलं तेव्हा बाबा काय म्हणाले होते गं?"

"म्हणाले होते, एवढी घाई कशाला, जरा थांब," धाकटी लगेच म्हणाली. "तूच म्हणालीस, नको, हेच बरे."

"थांबायला हवं होतं." तिनं नवऱ्याकडे मान वळवली. "तुमच्या योजनेत परत करायची मुदत किती?"

"तीस दिवस," टक्के चटकन म्हणाले. स्वतः घातलेल्या एखाद्या अटीबद्दल त्यांना इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं. "आपल्याला वीस वर्षं झाली."

"मग परत नाही करता येणार," ती म्हणाली, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "विकायलाच काढावं लागेल. काय रे, तू धंद्यातला आहेस. किती सूट द्यावी लागेल यांच्यावर?"

मेहुण्यानं हात पुसले आणि धंद्याच्या नजरेनं भावोजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ताई," तो खरीखुरी हळहळ व्यक्त करत म्हणाला, "शंभर टक्के सूट दिलीस, तरी गाडीभाडं आपल्यालाच भरावं लागेल."